जंतू आला कोठून?

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातील ही गोष्ट. माझी थोरली बहीण, आम्हां सर्वांची आक्का, पोटदुखीने आजारी पडली. खानापूर तालुक्यातील आमच्या गावाहून तिला प्रथम जवळच्या एका दवाखान्यात नेले. तेथे दहा दिवस सलाईन आणि इंजेक्शने झाल्यावर शहरातील मोठ्या रुग्णालयात हलविले आणि शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रिया उत्तम पार पडली, असे डॉक्टरांनी सांगितले आणि ते खरेही होते. पाचव्या दिवशी मात्र तिला थंडी वाजून ताप भरला. रक्त तपासणीस गेले. दोन दिवसांनी कागद हाती आला. त्यावर जीवाणूचे नाव होते क्लेब्सिएला न्यूमोनिए, आणि खाली औषधांची लांबलचक यादी. प्रत्येक औषधापुढे एक अक्षर, आणि दोन औषधे सोडली तर सगळीकडे तेच अक्षर: ‘आर’. म्हणजे रेझिस्टंट. हे औषध या जीवाणूवर चालणार नाही. एकोणिसाव्या दिवशी आक्का गेली.

शेजारच्या खाटेवर बैलहोंगलकडील एक वृद्ध शेतकरी होते. त्यांची सून रोज दुपारी बाहेरच्या बाकावर आम्हांला ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगांची चटणी आग्रहाने वाढीत असे. तिला मराठी येत नव्हते आणि माझ्या भाच्याला कन्नड मोडकेतोडकेच येते, तरी दोघांचे छान जमले होते. त्या आजोबांच्या रक्तातही तोच जीवाणू सापडला होता, आणि त्यांचा कागद आमच्या कागदाच्या दोन दिवस आधी आला होता. आक्का गेली त्या सकाळी भाच्याने त्या सुनेला सर्वांदेखत नाही नाही ते ऐकविले. “तुमच्या म्हाताऱ्यानं माझ्या आईला मारलं” हे त्यातले शेवटचे वाक्य. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, “मामा, तुम्ही तर जंतूंचंच शिकवता की. सांगा की हिला, हे कुठनं आलं ते!”

मी वीस वर्षे महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवीत आहे. त्या वेळी मी गप्प बसलो. ती बाई काही न बोलता आपला डबा उचलून आत गेली. भाच्याच्या प्रश्नाचे जे उत्तर मी त्या दिवशी द्यायला हवे होते, ते या लेखात मांडण्याचा प्रयत्न करीत आहे.

औषध आणि प्रतिकार

१९२८ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना बुरशीभोवतालचे जीवाणू विरघळलेले दिसले, ही कथा आपण शाळेत वाचलेली असते. १९४० मधली गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. त्या वर्षी अर्न्स्ट चेन आणि एडवर्ड अब्राहम यांनी पेनिसिलिनचा नाश करणारे एक विकर जीवाणूंमध्ये असल्याचे नोंदविले. औषध अजून बाजारात आले नव्हते, आणि त्यावरचा उतारा जीवाणूंपाशी आधीच होता! १९४५ च्या नोबेल भाषणात स्वतः फ्लेमिंग यांनी अपुऱ्या मात्रेत पेनिसिलिन घेतल्यास जीवाणू त्याला दाद देईनासे होतील, असा स्पष्ट इशारा दिला. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कारखान्यात १९५५ साली पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. त्या एका बाटलीने किती बाळंतिणी आणि किती मुले वाचविली, हे आपल्या आजी-आजोबांना विचारावे.

जीवाणू औषधाला ‘सरावतो’ असे आपण म्हणतो, परंतु ते अचूक नाही. अनुकूल स्थितीत काही जीवाणू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात. प्रत्येक वेळी आपल्या संपूर्ण जनुकीय मजकुराची नक्कल करावी लागते, आणि नकलेत क्वचित एखादे अक्षर चुकते. बहुतेक चुका निरुपयोगी असतात. एखाद्या चुकीमुळे मात्र औषध निष्प्रभ ठरते. मग औषध दिले की बाकीचे सारे मरतात आणि तो एकटा उरतो. मोकळ्या झालेल्या रानात त्याचीच प्रजा वाढते. औषधाने त्याला काही शिकविलेले नसते, फक्त त्याचे प्रतिस्पर्धी दूर केलेले असतात.

रुग्णालय ही या निवडीला सर्वांत सोयीची जागा. तेथे औषधांचा वापर दाट, माणसे अशक्त, आणि शरीरात शिरणाऱ्या नळ्या अनेक. जगभरातील आकडेवारीवरून केलेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार, २०१९ या एका वर्षात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट अशा औषध-प्रतिकारामुळे झाले आणि सुमारे ४९ लाख ५० हजार मृत्यूंशी त्याचा संबंध होता.

पोथ्या आणि पाठभेद

दोन रुग्णांत एकाच नावाचा जीवाणू सापडला, एवढ्यावरून तो एकाकडून दुसऱ्याकडे गेला असे म्हणता येईल काय? नाही. दोन माणसांचे आडनाव पाटील असले म्हणून ती सख्खे भाऊ ठरत नाहीत. पूर्वी प्रयोगशाळेत जीवाणूंचे ‘प्रकार’ पाडून नाते ठरवीत. पण एकच प्रकार सगळ्या देशभर पसरलेला असला, तर त्या कसोटीचा उपयोग संपतो. मग जीवाणूचा संपूर्ण जनुकीय मजकूर, म्हणजे जीनोम, वाचण्यावाचून गत्यंतर नसते.

ही पद्धत समजावून देताना मी वर्गात नेहमी मराठी विभागातल्या सहकाऱ्यांची मदत घेतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. विष्णु सीताराम सुखटणकरांसारख्या विद्वानांनी ते वाढविले आणि १९६६ साली ते पूर्ण झाले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या हस्तलिखितांची कुळे त्यांनी लावली. ती कशावरून? लेखनिकांच्या चुकांवरून आणि पाठभेदांवरून. मूळ ग्रंथाशी जुळणारे शब्द तर सर्वच पोथ्यांत असतात, त्यांवरून नाते कळत नाही. पण एकच विशिष्ट चूक दोन पोथ्यांत आढळली, तर त्या दोघी एकाच पूर्वज पोथीच्या नकला असण्याचा संभव फार मोठा. तिसऱ्या पोथीत ती चूक असून शिवाय आणखी एक नवी चूक असेल, तर ती त्याच शाखेतली पण पुढची.

जीवाणूंचे नेमके असेच आहे. त्यांची लिपी चारच अक्षरांची: ए, टी, जी आणि सी. क्लेब्सिएलाची पोथी सुमारे ५५ ते ६० लाख अक्षरांची. रुग्णाच्या रक्तातून वाढविलेल्या जीवाणूंमधून डी. एन. ए. वेगळा काढतात, त्याचे लहान तुकडे करतात, यंत्र ते तुकडे वाचते आणि संगणक त्यांना जुळवून सलग मजकूर तयार करतो. मग दोन रुग्णांचे मजकूर शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहतात. साठ लाखांत हजारो अक्षरांचा फरक असेल, तर त्या रुग्णांचा एकमेकांशी काही संबंध नाही. दोन-चार अक्षरांचाच फरक असेल, तर जीवाणू अगदी जवळचे भाऊबंद, आणि एकमेकांकडून किंवा एकाच ठिकाणाहून आलेले असावेत.

१९९५ साली एका स्वतंत्रपणे जगणाऱ्या जीवाणूचा संपूर्ण जीनोम प्रथमच प्रसिद्ध झाला, तो होता सुमारे १८ लाख ३० हजार अक्षरांचा. त्या वेळी ती जागतिक बातमी होती. आज सुसज्ज प्रयोगशाळेत असे काम काही दिवसांत होते. कोविडच्या साथीत ‘डेल्टा’ आणि ‘ओमिक्रॉन’ ही नावे आपण रोज ऐकत होतो, तीही विषाणूंचे मजकूर असेच वाचून ओळखलेल्या शाखांची नावे होती.

बेथेस्डा, २०११

आता एक प्रत्यक्ष घडलेले प्रकरण पाहू. अमेरिकेत बेथेस्डा येथे राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे संशोधन-रुग्णालय आहे. १३ जून २०११ रोजी न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयातून तेथे एक स्त्री रुग्ण दाखल झाली. तिच्या शरीरात कार्बापेनेम गटाच्या औषधांना दाद न देणारा क्लेब्सिएला आहे, हे डॉक्टरांना ठाऊक होते. बाकीची औषधे चालेनाशी झाली की कार्बापेनेमकडे वळतात, यावरून प्रसंगाचे गांभीर्य लक्षात यावे. तिला वेगळे ठेवले, हातमोजे व झगे सक्तीचे केले. १५ जुलैला ती बरी होऊन घरी गेली. इतर कोणातही जीवाणू सापडला नव्हता. सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

ऑगस्टच्या आरंभी दुसरा रुग्ण सापडला. मग तिसरा, चौथा. मध्ये तीन आठवडे गेले होते. तेव्हा हा नवाच जीवाणू बाहेरून आला, की जुनाच लपून राहिला होता? अमेरिकेत त्या काळी या जीवाणूचा एकच प्रकार सर्वत्र बोकाळला होता, त्यामुळे नेहमीच्या चाचण्या निरुपयोगी ठरल्या. तेव्हा एव्हन स्निटकिन, ज्युली सेग्रे, टारा पामोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांतील जीवाणूंचे संपूर्ण जीनोम वाचले. साऱ्या साथीतील नमुन्यांत मिळून अवघी ४१ अक्षरे वेगळी निघाली. पहिल्या स्त्रीच्या शरीराच्या निरनिराळ्या भागांतून घेतलेल्या जीवाणूंतही मोजक्या अक्षरांचे भेद होते, आणि तेच उपयोगी पडले. त्यांवरून दिसले की तिच्यापासून जीवाणू एकदा नव्हे, तीन स्वतंत्र वेळा इतरांकडे गेला होता. म्हणजे ज्या काळात ‘कोणालाही लागण नाही’ असे सर्व समजत होते, त्याच काळात तो काही रुग्णांच्या आतड्यांत कसलेही लक्षण न दाखविता वस्ती करून होता.

या अभ्यासातील एक निष्कर्ष मी वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. रुग्णांमध्ये जीवाणू ज्या क्रमाने सापडला, त्या क्रमाने तो पसरलेला नव्हता. ज्याच्या रक्तात आधी सापडतो त्यालाच तो आधी लागलेला असतो, असे नाही. अधिक अशक्त माणसाला ताप आधी येतो, इतकाच त्याचा अर्थ.

जीनोमच्या जोडीला संशोधकांनी आणखी एक साधी गोष्ट वापरली: कोणता रुग्ण कोणत्या तारखेला कोणत्या विभागात होता, त्याची नोंदवही. एकट्या जीनोमवरून नाते कळते, पण भेट कोठे झाली ते नोंदवहीच सांगते. शोध घेता घेता एका श्वसनयंत्रावर ते स्वच्छ केल्यानंतरही, आणि हात धुण्याच्या भांड्यांच्या नळीतही हा जीवाणू सापडला. मग सर्व रुग्णांची नियमित तपासणी, वेगळा कक्ष, हायड्रोजन पेरॉक्साइडच्या वाफेने निर्जंतुकीकरण, आणि हात धुतात की नाही हे पाहायला माणसे नेमणे असे उपाय योजले. साथ थांबली. तोपर्यंत १८ जणांना लागण झाली होती, त्यांतील ११ जण दगावले आणि त्यांपैकी ६ मृत्यू या जीवाणूमुळे झाल्याचे ठरले.

दोषी कोण?

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या रोझी रुग्णालयात नवजात अर्भकांच्या विशेष कक्षात मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस वारंवार सापडत होता. शॅरन पीकॉक, ज्युलियन पार्कहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीनोम वाचून दाखविले की ही तुरळक प्रकरणे म्हणजे एकच साथ आहे आणि ती मातांमधून बाहेर समाजातही गेली आहे. कक्ष पूर्ण स्वच्छ केला. ६४ दिवस एकही रुग्ण नव्हता, आणि पुन्हा एका बाळात तोच जीवाणू आढळला. तेव्हा १५४ कर्मचाऱ्यांची तपासणी केली. एकाच्या अंगावर तो निघाला. त्या व्यक्तीवर उपचार करून तिला जीवाणूमुक्त केले. तिचे नाव प्रसिद्ध झालेले नाही, आणि हेच योग्य झाले. जीवाणू अंगावर असणे हा गुन्हा नव्हे. नाव उघड करून फटके मारायचे ठरविले असते, तर पुढच्या वेळी तपासणीला कोण उभे राहिले असते?

या शास्त्राचे ‘पाळत’ हे नाव ऐकून पोलिसी खाक्या डोळ्यांपुढे येतो. वास्तविक येथे पाळत माणसांवर नाही, वाटांवर आहे. कोणत्या वाटेने जीवाणू फिरतो ते कळले की ती वाट बंद करता येते.

प्रक्षेप

पोथ्यांच्या उपमेत एक अडचण आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. जुन्या ग्रंथांत प्रक्षेप असतात. एका ग्रंथातील आख्यान कोणीतरी दुसऱ्याच ग्रंथात नेऊन घुसडतो. जीवाणूंतही प्लाझ्मिड नावाची डी. एन. ए. ची छोटी वर्तुळे असतात. ती एका जातीच्या जीवाणूकडून दुसऱ्या जातीच्या जीवाणूकडे जातात आणि प्रतिकाराची जनुके बरोबर नेतात. त्यामुळे एका रुग्णात क्लेब्सिएला आणि दुसऱ्यात ई. कोलाय असे निरनिराळे जीवाणू असूनही साथ एकाच जनुकाची असू शकते. स्वीडनमधील एका रुग्णात २००८ साली एन. डी. एम.–१ या विकराचे जनुक प्रथम ओळखले गेले, तो रुग्ण दिल्लीत उपचार घेऊन परतला होता. विकराच्या नावात दिल्ली आल्याने पुढे मोठा वाद झाला. नाव काहीही असो, ते जनुक प्लाझ्मिडवर स्वार होऊन अनेक देशांत पोहोचले, हे सत्य उरतेच. म्हणून आता केवळ पोथीची वंशावळ लावून भागत नाही, प्रक्षेपांचाही माग काढावा लागतो.

आपल्याकडे

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१३ साली औषध-प्रतिकाराच्या निरीक्षणासाठी रुग्णालयांचे जाळे उभारण्यास प्रारंभ केला. बंगळूरच्या केंपेगौडा वैद्यकीय संस्थेतील मध्यवर्ती संशोधन प्रयोगशाळा भारत, कोलंबिया, नायजेरिया आणि फिलिपिन्स या चार देशांच्या जीनोम-निरीक्षण प्रकल्पात सहभागी झाली. म्हणजे हे ज्ञान फक्त परदेशातले राहिलेले नाही, आपल्याच राज्यात ते काम झालेले आहे. कायद्यानेही काही पावले टाकली आहेत. २०१४ पासून ‘एच–१’ या परिशिष्टातील प्रतिजैविकांच्या विक्रीची वेगळी नोंद औषध-दुकानदारांनी ठेवावयाची आहे. कोलिस्टिन हे माणसाच्या उपचारातील अखेरचे औषध कोंबड्या-जनावरांच्या खाद्यातून देण्यास २०१९ साली बंदी झाली.

परंतु जिल्ह्याच्या गावातील साध्या रुग्णालयात काय होते? कागद तयार झाला की जीवाणू वाढविलेली ताटली निर्जंतुक करून टाकून देतात. त्यात कोणाची चूक नाही. नमुने जपून ठेवायला शीतकपाटे लागतात, माणसे लागतात, आणि वाचून घ्यायला पैसा लागतो. आक्काच्या रक्तातला तो जीवाणू असाच नाहीसा झाला. त्या आजोबांचाही. दोघांच्या पोथ्या कोणी वाचल्या नाहीत, आणि आता कधीच वाचता येणार नाहीत.

म्हणून भाच्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर असे: तो जीवाणू आजोबांकडून आक्काकडे आला असेल. आक्का आधीच्या दवाखान्यात दहा दिवस जोरकस औषधे घेत होती, तेथूनच तिने तो पोटात आणला असेल आणि तिच्याकडून आजोबांना लागला असेल. किंवा दोघांनाही तो नळाच्या भांड्यातून, एखाद्या यंत्रावरून मिळाला असेल. किंवा आम्हां भेटायला येणाऱ्यांपैकी कोणाच्या हातांवरून. मी स्वतः एकदा आजोबांची उशी सारखी करून तसाच आक्काच्या कपाळावर हात ठेवल्याचे मला पक्के आठवते. कागदावरच्या दोन दिवसांच्या फरकावरून यातले काहीही सिद्ध होत नाही.

विद्यार्थीमित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळजण उद्या प्रयोगशाळांत, औषधांच्या दुकानांत, रुग्णालयांत काम कराल. नमुना टाकून देण्यापूर्वी त्याची नोंद नीट झाली आहे ना, एवढे पाहा. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नका, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीत स्वतः काटछाट करू नका. रुग्णाला भेटताना आधी आणि नंतर हात धुवा. व्हिएन्नात सेमेलवाईस यांनी १८४७ साली क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावून बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी केले, तेव्हा जीनोम राहोच, जीवाणूंचीही कल्पना कोणाला नीट नव्हती. वाट कोणती ते कळले नाही तरी हात धुता येतात.

हा लेख छापायला देण्यापूर्वी मी भाच्याला वाचून दाखविला. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला त्या आजोबांच्या गावाचे नाव विचारले. आजोबा त्या दुखण्यातून उठले होते, एवढे मला ठाऊक आहे. लेखाचा सारांश याच अंकाच्या कन्नड विभागात द्यावा, अशी विनंती मी संपादकांना केली आहे, आणि कन्नड विभागातील माझ्या सहकाऱ्यांनी ते काम आनंदाने पत्करले आहे. त्या सुनेला मराठी वाचता येत नाही.